‘नाही’चं बटण

क्वेन्का शहरातल्या, अपंगांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या केंद्रात एदेल्मिराबाई डाव्या कानाचं यंत्र दुरुस्तीला घेऊन रांगेत बसल्या होत्या. उजव्या कानाने त्यांना चांगलं ऐकू येई. त्याच बाजूला एक आजी, तिची लेक पिएदाद आणि नऊ वर्षांची नात दायरा बसल्या होत्या. दायराला बोलता येत नसे. तिच्या मांडीवर शाळेने दिलेली बोलती पाटी होती. चित्र दाबलं की पाटी शब्द उच्चारायची.

“यंत्र बिघडलंय,” आजी पाटीकडे बोट दाखवत म्हणाली. “पपई पुढे केली की ‘नाही’ म्हणतं.”

“आई, यंत्र नाही म्हणत. दायरा दाबते.”

“नऊ वर्षं रोज सकाळी पपई खाल्ली पोरीने. कधी तक्रार केली?”

“करणार कशी होती?”

“मान तेवढी वळवायची. ते ऊन डोळ्यांवर यायचं म्हणून.”

“मलाही तसंच वाटायचं. आता काही कळेनासंच झालंय.”

“मग ते ‘नाही’चं बटण काढून टाकायला सांग. बाकीची ढीगभर आहेत की.”

त्यांची पाळी आली. दुरुस्तीच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पाटी मुलीसमोर धरली.

“दायरा, हे बटण काढू का?”

“नाही,” पाटी बोलली.

“बघा, परत तेच,” आजी म्हणाली. “बिघडलंच आहे ते.”

पिएदाद लेकीपुढे वाकली.

“मग सकाळी काय देऊ गं तुला?”

दायराचं बोट चित्रांवरून बराच वेळ फिरत राहिलं.

“माहीत नाही,” पाटी म्हणाली.

“मलाही नाही गं,” पिएदाद म्हणाली आणि तिच्यासमोर फरशीवरच बसली.