भरवशाची मोटार

नाही हो मेकॅनिकदादा, पंखा लावून बघितला, उष्णता ओढून घेणारी हीटसिंक चिकटवली — काही उपयोग नाही, अर्ध्या तासात मोटारीला करंट देणारा हा ड्रायव्हर असा तापतो की बोट ठेववत नाही, मग आपला आपण बंद पडतो, आणि तो बंद पडला की मोटार वर धरलेली दांडी सोडून देते, तिच्यावरची पाण्याची नळी बाबांच्या तोंडापासून खाली — अशी. जरा हळू बोलते हं, आतल्या खोलीत जागेच आहेत. बाबांचं फक्त एक बोट हलतं, दादा. त्या बोटानं बटण दाबलं की नळी तोंडाशी यायची, बस्स. बनवली कुणी म्हणजे? मीच! अकरा वर्षं घरात बसल्यावर माणूस काय वाट्टेल ते शिकतं.

उघडा ना डबी. — तो? करंट कमी-जास्त करायचा स्क्रू. शेवटपर्यंत फिरवलेला? असेल, पुसताना हात लागला असेल — डबी बंद असते, तेही खरंच तुमचं.

आता काय लपवायचं. धाकट्या भावाच्या मागे मी तीन महिने लागले होते, दिवसाची बाई ठेव, नाहीतर महिनाभर बाबांना तुझ्याकडे ने — आणि त्यानं व्हिडिओवर ही मोटार पाहिली नि म्हणाला, ताई, कमाल केलीस, आता बाईची गरजच नाही! माझ्याच हातानं करून बसले ना मी? म्हटलं, एकदा त्याच्यासमोर बंद पडू दे. रविवारी येणार होता, म्हणून स्क्रू पिळला, करंट वाढून ड्रायव्हर तापावा असा. तो आलाच नाही. आणि मी विसरले — विसरले कसली, राहू दिला. सोमवारी बँकेत जाते म्हणून बाहेर पडले. बँकेत नव्हते. बागेत बाकावर बसले होते, काही न करता, चार तास — उठवेचना हो. घरी येऊन बघते तर बाबांचे ओठ एकमेकांना चिकटलेले, आणि बोट बटणावर, दाबतंय, दाबतंय. पाणी पाजलं. पिता पिता माझ्याकडे बघत होते. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तर तुम्ही एवढंच करा, दुकानाच्या कागदावर लिहून द्या — ही मोटार भरवशाची नाही, घरात दुसरं माणूस लागतंच. खाली शिक्का मारा. माझं नाही ऐकत तो, शिक्क्याचं ऐकेल. खोटं कसं? बंद पडली की नाही? — अहो, स्क्रू नका फिरवू, आधी माझं ऐका तरी...

फिरवलात.

उचलतेय दांडी? उचलतेय. तापतो का बघायला थांबू या म्हणता? थांबा. दहा मिनिटं, वीस मिनिटं, हवं तेवढं थांबा, मला कुठं जायचंय?

ड्रायव्हरला लावू बोट? — कोमट. नुसता कोमट. म्हणजे आता बंद नाही पडणार? किती दिवस चालेल अशी?

वर्षानुवर्षं, म्हणता.

बरं. नाही, काही नाही, डोळ्यात गेलं काहीतरी. कागद राहू दे. निघा तुम्ही, दार ओढून घ्या — कडी मी आतून लावते.