सूपभर जोंधळ्यावर घेतलेला

दि. ११ मार्च २००४

मी बाणूबाई, कै. गुंडाप्पा मेटकरी यांची विधवा, वय अंदाजे पन्नास, धंदा मेंढरे राखणे व मजुरी, रा. दुबलगुंडी, ता. हुमनाबाद, जि. बीदर. समक्ष विचारल्यावरून सांगते. मला मराठीच नीट बोलता येते, म्हणून मराठीत लिहून घेतले आहे.

माझी पहिली तिन्ही लेकरे पाळण्यातच गेली. चौथा योगीराज, तो निर्णा गावच्या शिवारात, मेंढरांच्या वाड्यावर झाला. आमच्यात लेकरे जगत नसली की नव्याला उकिरड्यावर ठेवतात. लिंगम्माअक्का शेजारीण होती, तिने त्याला उचलला आणि मी सूपभर जोंधळे देऊन तिच्याकडून विकत घेतला. त्यानंतर त्याला माझा म्हणायचे नाही, म्हटले की लेकरे नेणारा परत येतो. ही रीत मी कडक पाळली. तोही मला आई न म्हणता अक्का म्हणे.

गेल्या वर्षी पोलीस भरतीत तो धावण्यात पहिला आला. चौकशीला एक हवालदार घरी आले. "पोरगं कुणाचं?" असे विचारले. मी म्हटले, "माझं न्हाई. इकत घेतलंय." कुणाकडून, तर लिंगम्मा वारलेली, मेलेल्या बाईला कशाला गोवायचे, म्हणून म्हटले, "वाटसराकडनं. कुठल्या मुलखाचा काय म्हाईत." त्यांनी चहा घेतला आणि तेवढेच लिहून नेले. पुढे कागद आला, हा इथला नागरिक असल्याचे सिद्ध होत नाही, निवड रद्द.

योगीराज म्हणाला, "अक्का, ठाण्यात चल. येकदा माझा हाय म्हनून जबाब दे. कामून भ्यायलीस?"

मी म्हटले, "नोकरी जायलीय तर जाऊ दे. तू ऱ्हा."

गावाने मला अडाणी म्हटले. म्हणू देत. तीन लेकरे मी पुरली, गावाने नाही.

मग तो कमठाण्याजवळ एका दगडखाणीत लागला. काल तिथे दरड त्याच्या अंगावर आली. दवाखान्यात प्रेत मागायला गेले तर विचारले, "तुम्ही त्याच्या कोण?" मी त्याचे नाव तेवढे सांगितले. नात्याचा जबाब आणा, मग देऊ, असे सांगितले. म्हणून ठाण्यात आले आहे.

मयत योगीराज हा माझ्या पोटचा मुलगा आहे. आता म्हणायला कशाची भीती?

लिहिलेले सगळे मला मराठीत वाचून दाखवले. "माझ्या पोटचा मुलगा" एवढे मी पुन्हा एकदा वाचायला लावले. ते बरोबर आहे.

डाव्या हाताचा अंगठा, बाणूबाई