लाखेची नळी

तुम्ही म्हणाल फेकतोय, पण ऐका. निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतर मी मलकपेठेतल्या एका खानसाहेबांची जुनी मोटरसायकल त्यांच्या बेगमेकडून विकत घेतली. खानसाहेब त्या गडबडीत घराबाहेर पडले, ते परतलेच नव्हते.

गाडी चालवत थेट जामबागेत नेली, त्यांच्याच जुन्या मिस्त्रीकडे. म्हटलं, "उस्ताद, पेट्रोलची नळी तडकलीय, नवी घाला."

उस्तादांची एक रीत होती. काढलेली नळी ते गिऱ्हाइकासमोर उभी चिरून दाखवायचे, म्हणजे उगाच बदलली असा संशय नको. ही चिरली, तर आत या टोकापासून त्या टोकापर्यंत लाख भरलेली. पेट्रोलचा थेंब जायला जागा नाही.

उस्ताद म्हणाले, "ये मैंच भरा था. जाते वक्त खानसाब बोले, मैं आए तक गाडी कोई चलाना नक्को."

मी म्हटलं, "अहो, आत्ता मलकपेठेहून आणली. वाटेत एकदाही बंद पडली नाही."

उस्तादांनी हात पुसले, गाडीच्या रिकाम्या सीटला सलाम केला आणि मला हळूच विचारलं, "तुम चला के लाए, की खानसाब तुमको यहाँ तक छोड के गए?"