पेट्रोल पिणारी गाडी

सर्व्हिस सेंटरमध्ये आपल्या गाडीची वाट पाहत बसलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या हातात मासिक होतं, पण कान काउंटरवरच्या नवरा-बायकोकडे होते. त्यांची गाडी पेट्रोल फार पीत होती, आणि मेकॅनिक पडद्यावर बघून कारण सांगत होता.

"साहेब, रोज सकाळी सहा ते सात गाडी तळ्याकाठी उभी. इंजिन चालू, एसी चालू, सीट पूर्ण आडवी."

"सहा ते सात तर तुम्ही चालायला जाता ना?"

"चालून झालं की जरा टेकतो."

"तरीच पोट जागचं हलत नाही. एवढं सगळं कळतं हो गाडीला?"

"सगळंच, ताई. कंपनीकडे जातं ते."

"बंद करा ते. माणसाला काही खाजगी असतं की नाही?"

"मुळीच नको," बायको म्हणाली. "कर नाही त्याला डर कशाला? वाचा हो पुढे."

"दर गुरुवारी, दुसऱ्या किल्लीवर. 'आई' म्हणून ठेवलेल्या पत्त्याच्या कोपऱ्यावर दोन तास उभी. गाणी चालू. दार एकदाही उघडलेलं नाही."

"गुरुवारी तू आईकडे बसतेस ना? ती म्हणायची, सून येतच नाही. मला वाटलं, विसरते. तीन महिने स्मरणशक्तीच्या गोळ्या देतोय तिला."

डॉक्टरीणबाईंनी न वाचलेलं पान उलटलं.

"हे बंद कुठून होतं?"

"होईल बंद. पण आधीचं सगळं कंपनीकडे गेलंय."

"कंपनीकडे राहू दे. आईंच्या कानावर जाता कामा नये."

"आणि गोळ्या बंद केल्या तर तिला काय सांगू?"

"सांगा, गुण आला."