फोरमनची सिगारेट

अध्यक्षस्थानी बसलेले छापखान्याचे मालक, मंचावरची पाहुणेमंडळी आणि समोर जमलेल्या दादा-ताईंनो, सर्वांना नमस्कार. फोरमनची बायको म्हणून दोन शब्द बोला म्हणालात. छापखानेवाल्याची बायको असून मला वाचता जेमतेम येतं, म्हणून कागद आणलेला नाही. तेवढाच तुमचा वेळ वाचला. की जास्तच जाईल?

आज आमचे हे निवृत्त होतायत. यांच्या कामाचं कौतुक तुम्ही केलंतच, मी सिगारेटचं सांगते. यांनी मागच्या दारात जाऊन ती पेटवली की इथली यंत्रं थांबायची आणि तुमचा चहा व्हायचा. घंटा नाही, भोंगा नाही. खरं ना?

घरी मात्र नात राहायला आली की तिला सारख्या शिंका, डोळे लाल, अंगावर चट्टे. आम्ही निघालो चोर शोधायला. मांजर शेजारणीला दिलं, उशा बदलल्या, अंडं बंद केलं. शिंका आपल्या चालूच. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घरात ओढतं कोण?”

“मी. पण गॅलरीत, दार लावून,” हे ऐटीत म्हणाले.

“आणि मग त्याच कोटात हिला घेता? धूर फटीतून येतो, कपड्यांतून येतो. त्यानं नाक हळवं झालं की लेकराला साधी धूळही सोसत नाही.”

आमची सून तोंडावर बोलणारी. गुणाची आहे, पण तोंडावर बोलणारी. म्हणाली, “बाबा, राग मानू नका. धूर असेल त्या घरात मी हिला आता आणणार नाही.”

यांनी घरी आल्यावर पाकीट कचऱ्यात टाकलं, परत काढलं, परत टाकलं. मी नुसती बघत राहिले. न बोलता! एरवी जमतं का मला?

तिकडे तुमची पंचाईत. तुमचा बाइंडर आमच्या दारात हजर. “काकू, काकांना एक तरी ओढू द्या हो! सकाळपासून चहा नाही, घसा कोरडा आहे!” तेव्हा कुठे इथे घंटा लागली.

नात अगदी ठणठणीत झाली असं नाही. धुळीत अजून शिंकते. मांजरही परत यायला तयार नाही, शेजारणीकडे दूध दाट मिळतं. पण पोर येते, राहते, आजोबांना घोडा करते.

मालकांचे, तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि टाळ्या तेवढ्या हळू वाजवा. पहिल्या रांगेत बघा, यांच्या कोटात नाक खुपसून ती झोपलीय.