पहिल्या रांगेतली आंबट संत्री

तुम्ही हसाल, पण चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीत मी सौंसरची अख्खी बँड स्पर्धा बुडवायला निघाले होते, तेही न कळता. माझा नवरा आमच्या रामाकोन्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. त्यांचा नंबर शेवटचा. म्हणून सकाळपासून पहिल्या रांगेत बसून मी एकेक बँड ऐकत होते आणि पिशवीतली कच्ची संत्री मीठ लावून खात होते. दुपारपर्यंत तीन बँड बेसूर झाले. तेव्हा त्यातल्या एकाचा मास्तर तणतणत माझ्याकडे आला.

“ओ बाई, तुमी आंबट खाऊन राहिल्या, अन् आमच्या पोराइच्या तोंडाले पाणी सुटून राहिलं. फुंक कशी मारतीन ते? नवऱ्याले जितवाचं हाय तुमाले.”

“भूक लागली तं खाऊ नको का मी?” मी म्हटलं. पण हातातलं संत्रं पिशवीत टाकलं. माझ्यापायी नवऱ्याचा बँड बाद होणार होता.

मास्तरानं परीक्षकांकडे तक्रार नेली. ते थंडपणे म्हणाले, “बाई, नवरा वाजवेल तेव्हाही इथंच बसून खा. तो चुकला नाही, तर तुमच्यावर आळ नाही.”

मी खाल्ली. नवरा सरळ माझ्याकडे बघत वाजवत राहिला. एक सूर हलला नाही. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

परतीच्या बसमध्ये विचारलं, “तुमच्या तोंडाले नाही सुटलं का जी पाणी?”

“तुह्याकडे पाहिलं का माहं तोंड लग्नापासून कोरडंच पडते.”

दुसरा दिवस असता तर मी त्याला बसमधून उतरवलं असतं. त्या दिवशी म्हटलं, बरं हाय बापा.