पोरानं बसवलेली मशीन

१९६४ चा उन्हाळा. मिरजेच्या बर्फाच्या कारखान्यासमोर रांग लागली होती. माझ्यापुढं एक म्हातारी आणि तिच्यापुढं एक सरबतवाला.

"मावशी, आख्खी लादी? घरी लगीन हाय जनू."

"न्हाई बाबा. आतली मशीन माज्या पोरानं बसवलीया."

"व्हय? मिस्त्री हाय?"

"आदी हिकडंच नांगराच्या कारखान्यात व्हता. मग मालकांनी पुन्याला बर्फाच्या मशिनी करायला काढल्या, तवा त्येला तिकडं न्हेलं. ही बसवाय आलता, तवा पयला तुकडा बापाच्या हातावर ठिवला. ह्ये म्हनलं, आरं, भाजतंय की!"

"आता येतो का न्हाई गावाकडं?"

"तार केलीया. उद्या सकाळच्या गाडीनं पोचंल."

"मग ही लादी त्येच्यासाठी?"

"त्येच्या बापासाठी. आज सकाळी गेलं. पोरगं येईस्तवर ठिवायचं हाय."

"अरारारा... आवं, मग म्होरं व्हा की! ए, वाट द्या रं मावशीला!"

"नगं बाबा. शेजारी बसल्यात तितं. घरात माज्याशी बोलनारं ह्येच एक व्हतं. हितं तू बोलतुयास, तवर उभी ऱ्हाते."